एकसष्ट अंश

मी हसले. फार नाही. साहेब हसले की टेबलापलीकडच्या कारकुनाचे ओठ जेवढे हलतात तेवढेच हलले. पण हलले, हे खरं. भाऊसाहेब अर्ज मोठ्यानं वाचत होते. "दिनांक बारा एप्रिल, दुपारी दोन वाजता, गावातील तापमान एकसष्ट अंश" इथपर्यंत आले आणि त्यांना पुढं वाचवेना. समोर बसलेल्या सत्यजीत मेंबरांनी चहाचा कप खाली ठेवला. "एकसष्ट? गाव हाय का भट्टी?" मग दोघंही मोकळेपणानं हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं. एप्रिलातली दुपार, पंखा गरम हवा ढवळतोय, अशा वेळी माणसाला हसायला काहीतरी लागतंच. अर्जाखाली नाव होतं सावळाराम भागुजी ओव्हाळ. ते माझे वडील.

हे त्या दोघांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामविकास अधिकारी, महिन्यापूर्वी बदलून आलेले. सत्यजीत मेंबर माझ्या वडिलांना रोज बघतात, पण छत्री घेऊन फिरणारे आप्पा म्हणून. आमच्या टेंभुर्डीत आप्पांचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि मी सोनवणे म्याडम. रेल्वेतून रिटायर झाल्यावर आप्पा दौंडलाच राहिले होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी त्यांना इकडं, कारेगावजवळ, आमच्या घरी आणलं. ओव्हाळ म्हणजे कोण हे ऑफिसात एकाच माणसाला ठाऊक होतं, आमचे शिपाई पोपटराव. ते आणि आप्पा रोज सकाळी एकाच टपरीवर चहा पितात. पोपटराव रिकामे कप उचलत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या कपांकडं पाहिलं आणि बाहेर गेले. भाऊसाहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडं सरकवला. दप्तरी दाखल. हे दोन शब्द मी अठरा वर्षं बघते आहे. म्हणजे कागदाला नंबर मिळाला, जागा मिळाली, आता त्याचं तोंड कुणी बघायचं नाही. मी फाइल उघडली, पंच मशीन घेतलं, आणि कागदाला भोकं पाडायला माझा हात काही होईना. तो तसाच ड्रॉवरमध्ये टाकला.

एकसष्ट हा आकडा खोटा नव्हता. मला हे त्यांच्यासमोर सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. आप्पा चौतीस वर्षं दौंड सेक्शनला कीमन होते. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, आणि रोज ठरलेले किलोमीटर रुळाच्या कडेनं चालायचे, रूळ पकडून ठेवणारी चावी ढिली दिसली की ठोकायची. त्यांच्या जगात तापमान म्हणजे रुळाचं तापमान. हवेचंही तापमान असतं आणि ते टीव्हीवर सांगतात, हे त्यांना माहीत आहे, पण ते त्यांना हवेसारखंच वाटतं. रिटायर होताना गँगच्या पोरांनी त्यांना वर्गणी काढून एक थर्मामीटर दिलं. गोल, घड्याळाएवढं, मागं लोहचुंबक असलेलं; लोखंडाला लावलं की टक्कन चिकटतं. गावात रूळ नाही म्हणून ते कपाटात पडून होतं. मग एक दिवस आप्पांना शाळेची घंटा दिसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं रुळाचा हातभर तुकडा टांगलेला आहे, त्यावर लोखंडी दांडा मारला की शाळा सुटते. आप्पांनी त्या तुकड्यावरून असा हात फिरवला की जुना सोबती भेटावा. "नव्वद पौंडी रूळ हाय," असं मला घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून रोज दुपारी दोनला छत्री घेऊन शाळेत जायचं, घंटेला थर्मामीटर चिकटवायचं, पाच मिनिटं थांबायचं, आकडा वहीत लिहायचा. अर्जातले सगळे आकडे त्या घंटेचे होते.

आणि अर्ज टाईप मी केला होता. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून. आप्पा शेजारी स्टुलावर बसून वहीतलं वाचत होते आणि मी कीबोर्डवर बोटं आपटत होते, कारण मला भूक लागली होती आणि दोन वाजता दाखल्यांसाठी रांग लागणार होती. विषय मी माझ्या सवयीनं घातला : हवामान बदलाबाबत ग्रामपंचायतीने ठोस पावले उचलणेबाबत. आप्पा म्हणाले, "येवढं मोठं? मी तर नुसतं उन्हाबद्दल म्हणतोय." मी म्हटलं, ऑफिसात असंच लिहितात. मग आकडे आले. एकोणसाठ, साठ, एकसष्ट. माझी बोटं थांबली. इथं "रुळाचं" हा शब्द पाहिजे, हे मला लख्ख कळलं होतं. थांबलेली बोटं पुन्हा चालू झाली. का, ते मी स्वतःला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विचारत राहिले, आणि उत्तर आलं ते काही सांगण्यासारखं नाही. मला तो अर्ज बरोबर व्हायलाच नको होता. म्हाताऱ्या माणसाचा उद्योग म्हणून तो यावा आणि जावा, एवढंच मला हवं होतं. बरोबर असता तर त्याचं काहीतरी करावं लागलं असतं, आणि आमच्याकडं कागदाचं काही करायचं म्हटलं की ते माझ्याच टेबलावर येतं.

लहानपणी रेल्वे कॉलनीत मे महिन्यातल्या दुपारी आम्हांला अंगणात जाऊ देत नसत, पण आप्पा त्याच वेळी चालायला जायचे. ऊन वाढलं की रूळ वाढतो, वाढायला जागा मिळाली नाही की वाकतो, आणि वाकला की गाडी घसरते. म्हणून थर्मामीटर ठरलेल्या आकड्यावर गेलं की माणूस धाडायचा नियम आहे. तो माणूस डोक्याला ओला टॉवेल बांधून आपल्या वाट्याचा रूळ डोळ्यांनी तपासत चालतो. चारनंतर आप्पा घरी यायचे तेव्हा आई दारातच त्यांच्या पायांवर पाणी ओतायची. सिमेंटच्या पायरीवर ओल्या पावलांचे ठसे उमटायचे आणि मी बसून ते वाळताना बघायची, बोटांकडून टाचेकडं. आप्पा आम्हांला लगेच जवळ घ्यायचे नाहीत, म्हणायचे, थांबा, अजून निवलो न्हाई. मग निवले की पालथा हात आमच्या कपाळाला लावायचे. त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूला घट्टे पडलेले, तिथं काही कळायचं नाही. पालथ्या हातालाच सगळं कळायचं. चहा, तवा, रूळ, लेकरू, सगळं पालथ्या हातानं. एकदा मला ताप आला तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "आडतीस पॉइंट पाच." आई वैतागली, म्हणाली, पोरगी हाय, रूळ न्हाई. दवाखान्यात काचेची नळी लावली तर एकशे एकच्या पुढं. डॉक्टरांनी हिशोब करून सांगितलं की आप्पांचं बरोबर आहे. आईनं ही गोष्ट सगळ्या कॉलनीला सांगितली.

त्यांना अर्जाचं वेड लागलं ते मात्र अंगणवाडीमुळं. आमच्या गावात कंपन्या आल्यापासून शेतापेक्षा खोल्या जास्त पिकतात. ओळीनं पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत बिहारचं नाहीतर मराठवाड्यातलं कुटुंब. त्यांच्या पोरांसाठी तिथंच एका खोलीत अंगणवाडी आहे, भाड्याची. खोल्यांची ती अख्खी ओळ सत्यजीत मेंबरांची. मार्चच्या शेवटी आप्पा अंगणवाडीच्या दारावरून चालले होते आणि आतून काहीच आवाज येईना. वीस पोरांची अंगणवाडी आणि आवाज नाही. त्यांनी डोकावलं. खिचडीच्या ताटल्या तशाच भरलेल्या होत्या आणि सगळी पोरं फरशीवर आडवी होती. झोपलेली नव्हती. गाल फरशीला लावून पडली होती, आणि गालाखालची फरशी तापली की सरकत होती, थंड जागा शोधत. सविता म्हणजे तिथल्या सेविका. त्या पदरानं वारा घालत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आप्पा, दहा वाजल्यापास्नं असंच. मी तरी काय करू?" आप्पांनी हे मला सांगितलं तेव्हा मी चपात्या लाटत होते. ते म्हणाले, "नोकरीला लागलो तवा आख्ख्या उन्हाळ्यात धाबारा दिस दुपारचं चालाया लागायचं. रिटायर झालो त्या साली एप्रिल-मे सगळा चाललो. आता रूळ तापला तर सरकार माणूस धाडतंय, अनू. ही लेकरं तापल्याली हायेत, हिथं कोण धाडतंय?" मी म्हटलं, आप्पा, जेवून घ्या आधी. अर्जात त्यांनी फार मागितलं नव्हतं. अंगणवाडीच्या पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत. दुपारी बारा ते चार ग्रामपंचायतीचं सभागृह सगळ्यांसाठी उघडं ठेवावं, तिथं पंखे आहेत. आणि गावाच्या आराखड्यात दरवर्षी उन्हाचा विषय घ्यावा. बस्स.

ऑफिसात हसले त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. महेंद्रची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सेकंड शिफ्ट होती, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. "वाचला का अर्ज?" मी म्हटलं, वाचला. हे खोटं नव्हतं. "सगळा?" मी म्हटलं, बऱ्यापैकी. "काय म्हणले?" मी पाणी प्यायला आत गेले आणि आतूनच म्हटलं, बघू म्हणाले. मी भांडं पालथं घालून उगाच थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मला वाटलं होतं की ते खूश होतील आणि मला आणखी लाज वाटेल. ते नुसते गप्प बसले, तर त्यानं जास्तच वाटली. जेवताना त्यांनी एकच विचारलं, ग्रामसभा एक मेलाच ना. हो म्हटलं. सात दिवस आधी विषयपत्रिका निघते, म्हणजे परवा. ती मीच टाईप करते. त्यांना हे माहीत होतं.

सकाळी मी निघताना त्यांनी माझ्या पर्समध्ये काहीतरी जड घातलं. थर्मामीटर. म्हणाले, "पत्र्यालाबी चिकटतं हे. वाटंत अंगणवाडी हाय तुझ्या." त्यांनी हे का म्हणावं याचा मी त्या वेळी विचार केला नाही. घाईत होते. पण अंगणवाडीपाशी आले आणि गाडी थांबवली. सविताताई म्हणाल्या, "म्याडम, तुमी हिकडं कशा?" मी म्हटलं, काही नाही, एक स्टूल द्या. साडेनऊच वाजले होते. पोरं अजून बसलेली होती, एक मुलगी दुसरीच्या वेणीचं रबर काढत होती. मी स्टुलावर चढून पत्र्याला थर्मामीटर चिकटवलं. टक्कन आवाज झाला तशी सगळी पोरं वर बघायला लागली. डोकं पत्र्याच्या इतकं जवळ गेल्यावर मला एकदम घाम फुटला आणि कॉलनीतली पायरी आठवली, वाळत जाणारी पावलं. सविताताईंना म्हटलं, हे असंच राहू दे, दुपारी येते. दीड वाजता परत गेले तेव्हा पोरं घरी गेली होती. घर म्हणजे भिंतीपलीकडची तशीच खोली. काटा अठ्ठावन्नवर होता. मी खाली उतरले, चप्पल काढली आणि फरशीवर पाय ठेवून बघितला. मग कुणी बघत नाही असं बघून खाली वाकले आणि गाल लावला. एका घटकेत गालाखालची जागा तापली आणि मी सरकले. त्याच क्षणी मला माझं कालचं हसू आठवलं आणि मी तिथं, सेहेचाळीस वर्षांची बाई, फरशीवर बसून रडले.

भाऊसाहेब माणूस वाईट नाही. मी ड्रॉवरमधला अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला, त्यावर माझी टिपणी जोडलेली. अर्जातील तापमान हवेचे नसून लोखंडाचे आहे. तसा शब्द अर्जात येणे आवश्यक होते, तो टंकलेखनात मी घातला नाही. आज दुपारी अंगणवाडीच्या पत्र्याचे तापमान आतून अठ्ठावन्न अंश आढळले. त्यांनी दोनदा वाचलं. "म्याडम, तुम्ही कशाला टाईप केला यांचा अर्ज?" मी म्हटलं, ते माझे वडील आहेत. पंखा ढवळत राहिला. भाऊसाहेबांचे कान लाल झाले. "काल सांगायचं नाही का," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, हवामान बदल म्हणजे वरचा विषय, आपल्या हातात काय आहे त्यात. आणि म्हणता म्हणताच त्यांची नजर अर्जातल्या चुन्यावर गेली असावी, कारण ते थांबले. चुना आपल्या हातात होता. त्यांनी "दप्तरी दाखल"वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, विषय क्रमांक नऊ.

एक मेला झेंडावंदन झालं आणि सभागृहात सभा बसली. मी कोपऱ्यात प्रोसिडिंग बुक घेऊन लिहीत होते. आठ विषय झाले तोवर निम्मे लोक उठून गेले होते. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून मागं बसले होते, वही मांडीवर. नववा विषय पुकारला तसे उभे राहिले. "जय भीम, नमस्कार," म्हणाले. मागून कुणीतरी "आप्पा, आज किती, शंभर का?" असं विचारलं आणि हशा झाला. म्हणजे गोष्ट गावभर झाली होती. माझं पेन थांबलं. आप्पाही हसले. म्हणाले, "न्हाई बाबा, आज अजून गेलो न्हाई घंटेकडं. दोनला ये संगं, दावतो." मग त्यांनी रुळाचं सांगितलं, पत्र्याचं सांगितलं, आणि पोरं फरशीवर कशी सरकतात ते हातानं दाखवलं. हसणं कुठं थांबलं ते मला कळलं नाही. सत्यजीत मेंबर म्हणाले, "माझी हरकत न्हाई, पर आज एका पत्र्याला चुना, उद्या समद्या खोल्यावाले मागत्याल." आप्पा म्हणाले, "मागू द्या की. चुनाच हाय." भाऊसाहेबांनी विचारलं, सूचक कोण? आप्पांनी हात वर केला. आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. अठरा वर्षं हे बुक लिहिणाऱ्या मला हे आधी सुचू नये. आप्पांचं मत दौंडला आहे. गावच्या यादीत नाव नाही त्याला ठराव मांडता येत नाही. भाऊसाहेबांनी यादी चाळली, मान हलवली. आप्पांचा हात हळूहळू खाली आला. त्यांना एवढं म्हातारं मी कधी बघितलं नव्हतं.

सभागृहात दुसऱ्या कुणाचा हात वर आला नाही. लोकांची हरकत नव्हती, पण मेंबरांच्या पत्र्यावर आपलं नाव कुणी घालायचं, एवढाच प्रश्न होता. मी पेनाला टोपण लावलं आणि उभी राहिले. "सूचक, अनुपमा महेंद्र सोनवणे. मतदार यादी, वॉर्ड तीन." माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. सत्यजीत मेंबर म्हणाले, "ऑफिसच्या माणसानं ठराव मांडायचा व्हय?" भाऊसाहेबांनी यादीवरून बोट न उचलता म्हटलं, "नाव आहे. चालतं. अनुमोदक?" लोक मेंबरांकडं बघू लागले. मग दाराशी पाण्याचा जग खाली ठेवल्याचा आवाज झाला. "लिवा म्याडम," पोपटराव म्हणाले, "पोपट गेणू शेंडगे. वॉर्ड येक." मी बसले आणि लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं आहे. अजून तसंच आहे त्या बुकात.

घरी जाताना आप्पांनी छत्री माझ्याच डोक्यावर धरली होती. मी म्हटलं, "आप्पा, मला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी अर्ज वाचला तेव्हा ते हसले." आप्पा चालत राहिले. "मीपण हसले." ते म्हणाले, "ठावं हाय. पोपटरावांनी त्याच सांजच्याला सांगितलं. म्हणले, म्याडम हसल्या, पर कसनुशा." मला रस्ता दिसेना. त्या संध्याकाळी ओट्यावर ते सगळं माहीत असून बसले होते, मी आतून "बघू म्हणाले" म्हणत होते, आणि सकाळी त्यांनी रागाचा एक शब्द न बोलता थर्मामीटर माझ्या पर्समध्ये घातलं होतं. मी म्हटलं, रागावला नाहीत? "आगं मीबी हसलो असतो," आप्पा म्हणाले, "हवेचं येकसष्ट म्हंजी लईच व्हतंय. चूक माझी हाय. कशाचं ते लिवायला पायजे व्हतं." मग चालता चालता थांबून त्यांनी पालथा हात माझ्या कपाळाला लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि पुढं चालायला लागले.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीवर चुन्याचे दोन हात बसले. सभागृह दुपारी उघडं असतं. किल्ली पोपटरावांकडं असते आणि ते रोज कुरकुरत उघडतात. आराखड्याचं अजून व्हायचं आहे, त्यासाठी मला बरंच टाईप करावं लागणार आहे. काल आप्पांचा चष्मा शोधताना वही हाती आली. त्यांनी पट्टीनं रेघ मारून आकड्याआधी एक नवा रकाना पाडला आहे आणि वर लिहिलं आहे, कशाचं. घंटेचं, साठ. पत्र्याचं, चुन्याआधी, अठ्ठावन्न. पत्र्याचं, चुन्यानंतर, सेहेचाळीस. फरशीचं, पस्तीस, पोरं बसून जेवली. मी पानं मागं उलटत गेले. एक मेच्या पानावर त्या दिवशीची एकच ओळ होती. अनूच्या कपाळाचं, सदतीस. घाबरली व्हती, पर ताप न्हाई.